खोडलेलं रीडिंग

लॉगबुकच्या, म्हणजे प्रयोगाच्या नोंदवहीच्या, बाविसाव्या पानावर पाच आकडे होते : २९८, ३०५, ३०१, ३४२, २९६. चौथ्यावर पेनाने दोनदा आडवी रेघ ओढलेली, इतक्या जोरात की ती पानामागेही उमटली होती. छापील अहवालात चारच रीडिंग आली होती, खाली सरासरी ३०० मायक्रोस्ट्रेन (भाराखाली पट्टी लांबीच्या किती दशलक्षांश ताणली गेली त्याचं माप), आणि गणिताने काढलेला आकडाही नेमका ३००. पुढे एक वाक्य : 'प्रायोगिक व सैद्धांतिक मूल्ये तंतोतंत जुळतात.' गाइडने, म्हणजे प्रोजेक्टच्या मार्गदर्शक शिक्षकाने, त्या वाक्यापाशी हिरव्या शाईत बरोबरची खूण केली होती.

हे प्रकरण त्या खुणेपासून सुरू होतं. यंत्र अभियांत्रिकीचा एक विभाग, शेवटच्या वर्षाला ६४ विद्यार्थी, चौघांचा एक असे १६ गट, आणि आठ गाइड. विभाग कुठला ते शोधू नका. शिक्षकांनी एकत्र बसून चर्चा करावी म्हणून प्रकरण बेतलेलं आहे आणि त्यातले आकडे उदाहरणादाखल आहेत. पण ज्याने एकदा तरी ॲक्रेडिटेशनच्या, म्हणजे अभ्यासक्रमाच्या दर्जाला बाहेरच्या संस्थेची मान्यता मिळवण्याच्या, फाइली बांधल्या आहेत, त्याला ते परकं वाटू नये.

तक्त्यातलं २.७

मूल्यांकन समिती यायला आठ महिने होते. विभागाची एक्सेल शीट तयार होती. आडव्या ओळींत विषय, उभ्या रकान्यांत पदवीधराचे गुणविशेष, म्हणजे ज्यांना आपण ग्रॅज्युएट ॲट्रिब्यूट किंवा प्रोग्राम आउटकम म्हणतो ते, आणि प्रत्येक चौकटीत १, २ किंवा ३. 'संघकार्य' या रकान्याखाली शेवटचा आकडा होता ३ पैकी २.७.

हा आकडा कसा आला ते सावकाश पाहण्यासारखं आहे. नियम असा की एखाद्या विषयात ५० टक्के मुलांनी ठरलेली पातळी, म्हणजे ६० टक्के गुण, गाठली तर अटेनमेंट, म्हणजे गुणविशेष किती साधला त्याचा आकडा, १; ६० टक्के मुलांनी गाठली तर २; ७० टक्के मुलांनी गाठली तर ३. संघकार्याला जोडलेला मुख्य विषय म्हणजे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. प्रोजेक्टमध्ये साठच्या खाली कुणालाच गुण मिळत नाहीत, कुठेच मिळत नाहीत. चौघांना सारखेच गुण द्यायचीही जुनी रीत. म्हणून प्रत्यक्ष अटेनमेंट पूर्ण ३. बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांकडून भरून घेतलेल्या फॉर्मवरून अप्रत्यक्ष अटेनमेंट १.५. दोन्हींचं वजन ८०:२०. तीनचे ८० टक्के २.४, दीडचे २० टक्के ०.३. झाले २.७.

या बेरजेत एकाही माणसाने एकाही गटाला काम करताना पाहिलेलं नाही. गुण अहवालाला मिळाले, अहवाल चौघांच्या नावावर होता, म्हणून चौघांना संघकार्य येतं असं धरलं. अख्ख्या शीटमध्ये खरं बोलणारा आकडा होता तो मुलांनी स्वतः दिलेला दीड, आणि वीस टक्के वजनाखाली तो दबून गेला होता. 'मुलं फॉर्म गांभीर्याने भरत नाहीत' असं त्यावर एकदा मीटिंगमध्ये म्हटलं गेलं होतं. भरले होते की, गांभीर्यानेच.

नीतिमत्तेच्या रकान्याची गत वेगळी नव्हती. तिसऱ्या वर्षाला व्यावसायिक नीतीचा एक छोटा पेपर, त्यात 'अभियंत्याच्या चार जबाबदाऱ्या लिहा', सगळे पास, अटेनमेंट ३.

हे आलं कुठून

गुणविशेषांची कल्पना वाईट नाही हे आधी मान्य केलं पाहिजे, नाहीतर पुढची टीका स्वस्त होते. १९८९ साली ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आयर्लंड, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका या सहा देशांतल्या ॲक्रेडिटेशन संस्थांनी वॉशिंग्टन ॲकॉर्डवर सह्या केल्या : एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्या तुल्यबळ मानायच्या. तुल्यबळ म्हणायचं तर मोजायचं काय, हा प्रश्न ओघाने आला. तास, क्रेडिट आणि प्रयोगशाळेतली यंत्रं मोजून तो सुटत नव्हता. अमेरिकेच्या एबीईटी या ॲक्रेडिटेशन संस्थेने 'इंजिनिअरिंग क्रायटेरिया २०००' आणले तेव्हा तिकडेही भर 'काय शिकवलं' यावरून 'मुलांना काय येतं' यावर सरकला. ॲकॉर्डमधल्या देशांच्या इंटरनॅशनल इंजिनिअरिंग अलायन्सची २०१३ ची यादी १२ गुणविशेषांची होती. २०२१ मध्ये ती सुधारली, समाज आणि पर्यावरण हे दोन विषय 'अभियंता आणि जग' या एका गुणविशेषात आले आणि संख्या ११ झाली. नव्या यादीत नीतिमत्ता सातवी आणि संघकार्य आठवं.

या अकरांतले पाच तांत्रिक म्हणावेत असे आहेत : ज्ञान, समस्येचं विश्लेषण, डिझाइन, तपास, साधनांचा वापर. परीक्षा घेण्याची आपली सगळी सवय या पाचांवर पोसलेली. घोळ होतो तो उरलेल्या सहांमध्ये. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी एक पिरॅमिड मांडला होता : माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि सगळ्यात वर, प्रत्यक्ष कामात करतो. लेखी पेपर खालच्या दोन पायऱ्यांपर्यंतच पोचतो. नीतीचा पेपर पहिल्या पायरीवर बसून चौथ्या पायरीचा दाखला देत होता.

आठ जण, एकच पान

विभागप्रमुखांनी एक गोष्ट शहाणपणाने केली. अकराच्या अकरा गुणविशेषांना हात घालण्याऐवजी वर्षभरासाठी तीन निवडले : तपास, नीतिमत्ता, संघकार्य. आणि नवीन फॉर्म काढण्याआधी आठही गाइडना एका दुपारी बसवलं. प्रत्येकापुढे एकाच गटाच्या अहवालाची दोन पानं आणि लॉगबुकचं बावीस नंबरचं पान, झेरॉक्स करून. गट कुणाचा ते सांगितलं नव्हतं. काम एकच : तीन गुणविशेषांना चारपैकी गुण द्या, शेजारी बघू नका.

प्रोजेक्ट साधा होता. भिंतीला बसवायचा ब्रॅकेट, त्यावर पुढे-मागे करता येणारा हुक. ६ बाय २५ मिलिमीटरची पोलादी पट्टी, २५ ची बाजू उभी. पट्टीवर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजपासून, म्हणजे तिचं ताणलं जाणं मोजणाऱ्या पट्टीवजा सेन्सरपासून, २५० मिलिमीटरवर हुक, हुकाला १५० न्यूटन भार. मोमेंट, म्हणजे भार गुणिले अंतर, ३७,५०० न्यूटन-मिलिमीटर; पट्टीच्या छेदाच्या मापांवरून निघणारा सेक्शन मॉड्युलस ६२५ घन मिलिमीटर; पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ताण ६० मेगापास्कल. पोलादाचा यंग मॉड्युलस, म्हणजे ताण भागिले स्ट्रेन, २०० गिगापास्कल धरला की स्ट्रेन ३०० मायक्रोस्ट्रेन. गणित चोख होतं.

तपासासाठी तिघांनी चार गुण दिले, तिघांनी तीन, दोघांनी दोन. नीतिमत्तेचा रकाना पाच जणांनी कोरा ठेवला होता. "इथे नीतीचा काय संबंध? स्ट्रेन गेजचा प्रयोग आहे," एकाने विचारलं. मापनशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी त्याच रकान्यात एक दिला होता आणि शेजारी लिहिलं होतं : 'चौथं कुठे गेलं?'

मग वाद झाला, आणि तो चांगल्या दर्जाचा झाला. एका सरांनी जागेवरच ग्रब्जची टेस्ट, म्हणजे बाकीच्यांपासून फटकून असलेला आकडा ओळखायची सांख्यिकी चाचणी, लावून दाखवली. पाचांची सरासरी ३०८.४, प्रमाण विचलन सुमारे १९.१, म्हणून ३४२ साठी मूल्य येतं १.७६. पाच रीडिंगसाठी पाच टक्के पातळीवरची दुबाजू मर्यादा १.७१५. "उडतंच ते नियमाने. पोरांनी नकळत बरोबर केलं."

मॅडम म्हणाल्या, "सर, टेस्ट एवढंच सांगते की हे रीडिंग बाकीच्यांसारखं नाही. का नाही, ते टेस्टला कुठून कळणार? आणि पोरांनी टेस्ट लावलीच नाहीये. लावली असती आणि तसं लिहिलं असतं, तर मी तीन दिले असते."

हिरवी खूण करणारे गाइड त्याच खोलीत होते. त्यांनी थोड्या वेळाने स्वतःच सांगितलं की गट माझा आहे, मी फक्त अहवाल तपासला, लॉगबुक उघडलं नव्हतं. १६ गटांची लॉगबुकं तपासायला कुणाला वेळ असतो, हेही ते म्हणाले, आणि त्यावर कुणी हसलं नाही.

त्या दुपारनंतर रुब्रिक, म्हणजे कोणत्या कामाला किती गुण याचा पायऱ्यांचा तक्ता, लिहायला घेतलं. पहिला खर्डा नेहमीसारखा : उत्कृष्ट, चांगला, समाधानकारक, असमाधानकारक. नुसती विशेषणं, त्यामुळे वाद जसाच्या तसा राहिला. माझं 'चांगलं' हे तुमचं 'समाधानकारक'. दुसऱ्या खर्ड्यात विशेषणं काढून तिथे डोळ्यांना दिसेल अशी कृती घातली. नोंदींच्या ओळीतल्या चार पायऱ्या अशा ठरल्या. पहिली : अहवालातली आकडेवारी लॉगबुकशी जुळत नाही. दुसरी : जुळते, पण जी रीडिंग वगळली त्यांचं कारण नाही. तिसरी : वगळलेलं रीडिंग दिसतं, कारण लिहिलेलं आहे. चौथी : कारण तपासण्यासाठी प्रयोग पुन्हा केला किंवा मांडणीत बदल करून पाहिला. ही ओळ तपास या गुणविशेषाचीही आहे आणि नीतिमत्तेचीही. एका ओळीला दोन रकान्यांत घालायचं का यावर आणखी अर्धा तास गेला. शेवटी घातलं. शीटला काय आवडतं याचा विचार निदान त्या दिवशी कुणी केला नाही.

पुन्हा तीच तीन पानं, आठ जण, नवं रुब्रिक. सात जणांनी पहिली पायरी दिली, एकाने दुसरी. एवढा मेळ बसला की रुब्रिक कामाचं.

दहा मिनिटांचा व्हायव्हा

चौघांना एकत्र उभं करून घेतलेल्या व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, एक जण बोलतो आणि तिघं मान हलवतात, हे प्रत्येक गाइडला ठाऊक आहे. म्हणून या वेळी प्रत्येकाला एकेकटं, दहा मिनिटं. नियम असा की प्रश्न दुसऱ्याच्या कामावर विचारायचा. ६४ गुणिले १० म्हणजे ६४० मिनिटं, पावणेअकरा तासांच्या आसपास. वेळापत्रक सांभाळणाऱ्या सरांनी हे गणित फळ्यावर मांडलं आणि खडू खाली ठेवला. त्यांचा आक्षेप खरा होता, त्यावरचा तोडगा पुढे येईल.

ब्रॅकेटच्या गटातला तिसरा मुलगा आत आला. कमी बोलणारा. गाइडच्या मते 'सर्वसाधारण'. मॅडमनी पान पुढे केलं आणि खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हे काय झालं रे?"

तो गप्प. मग म्हणाला, "मॅडम, त्या वेळी वजन मी लावलं होतं. हुक बाहेर सरकला होता थोडा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर सगळं परत करावं लागलं असतं. आणि ते माझ्यामुळे."

ब्रॅकेट कपाटावरच होता. त्याने तो खाली काढला. पट्टीच्या रंगावर हुक घासल्याचा एक बारीक ओरखडा होता, मूळ खुणेपासून बाहेरच्या बाजूला. स्टीलच्या पट्टीने मोजला : ३५ मिलिमीटर. म्हणजे गेजपासून हुकापर्यंतचं अंतर २५० चं २८५ झालं. मॅडमनी त्यालाच गणित करायला सांगितलं. १५० गुणिले २८५, बेचाळीस हजार सातशे पन्नास, भागिले ६२५, अडुसष्ट पूर्णांक चार मेगापास्कल, स्ट्रेन ३४२.

त्याने कॅल्क्युलेटर दोनदा दाबला.

चुकीचं म्हणून उडवलेलं रीडिंग गणिताशी आकडा न् आकडा जुळत होतं. फक्त ते वेगळ्या परिस्थितीचं होतं, आणि ती परिस्थिती रोज येणारी होती, कारण हुक सरकवण्यासाठीच ठेवलेला होता आणि पट्टीच्या टोकाला अडसर नव्हता. वापरणारा हुक कुठवर ओढेल याचा या गटाच्या डिझाइनने विचारच केला नव्हता. अख्ख्या प्रोजेक्टमधली सगळ्यात मोलाची माहिती त्या एका आकड्यात होती.

आकडा खोडणारी मुलगी नंतर आली. गटाचं लिखाण तिच्याकडे. तिला काही लपवायचं नव्हतं, आणि म्हणून तिचं उत्तर जास्त झोंबणारं होतं.

"जर्नलमध्ये आपण असंच करतो ना, मॅडम?"

जर्नलचे गुण

हो, जर्नलमध्ये, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत, असंच करतात. विभागाच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रयोगशाळेचं गुणांचं कोष्टक भिंतीवर लावलेलं होतं. उत्तरातली चूक ५ टक्क्यांच्या आत असेल तर १० पैकी १०. ५ ते १० टक्के असेल तर ७. त्याहून जास्त असेल तर प्रयोग पुन्हा. कोष्टक बनवणाऱ्याचा हेतू चांगला होता : मुलांनी काळजीपूर्वक मोजावं. पण मुलांनी त्यातून दुसरीच गोष्ट उचलली. पुस्तकातला आकडा आधी बघायचा, मग त्याच्या आसपासचं रीडिंग लिहायचं. १४ टक्के फरकाचं रीडिंग म्हणजे तीन गुणांचा तोटा नाही, सरळ पुन्हा उभं राहणं, आणि सबमिशनच्या आठवड्यात पुन्हा उभं राहायला कुणाला परवडतं? सहा सत्रं असं केल्यावर सातव्या सत्रात तिने पेन उचललं आणि दोन रेघा मारल्या.

माझ्या मते प्रकरणाचा गाभा इथे आहे, आणि विषय व गुणविशेष जोडणाऱ्या मॅपिंगच्या तक्त्यात तो कधीच दिसला नसता. नीतिमत्ता या गुणविशेषाला विभागाने एक पेपर जोडला होता. प्रत्यक्षात तो गुणविशेष घडत होता, खरं तर बिघडत होता, दर आठवड्याला दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये. आणि शीटमध्ये त्या प्रॅक्टिकलच्या ओळीत, नीतिमत्तेच्या रकान्यात, एक आडवी रेघ होती. म्हणजे संबंध नाही.

संघकार्याचंही तेच. गप्प राहणाऱ्या मुलाला कुणी 'मोकळेपणाने बोलत जा' असं सांगून तो बोलणार नव्हता. चूक कबूल केली की गटाचा वेळ जातो आणि बोल आपल्याला लागतो, हा हिशेब त्याने बरोबर केला होता. हिशेबच बदलायला हवा होता.

काय बदललं, काय फसलं

भिंतीवरचं कोष्टक काढलं. जर्नलचे १० गुण नव्याने वाटले : नोंद त्याच दिवशी, त्याच जागी केली यासाठी ३, फरकाचं स्पष्टीकरण देण्यासाठी ४, गणितासाठी ३. उत्तर जवळ आलं की लांब, त्याला गुण नाहीत. दोन शिक्षकांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांचं म्हणणं, मुलं ढिसाळपणे मोजतील आणि वर निबंध लिहितील. काही मुलांनी तसं केलंही. 'मानवी चुकीमुळे' हे दोन शब्द पहिल्या महिन्यात जवळजवळ प्रत्येक जर्नलमध्ये आले, तेव्हा ते दोन शब्द बाद ठरवावे लागले : कोणाची, कुठे, आणि आकडा कोणत्या बाजूला गेला ते लिहा.

संघकार्य शिकवायला सुरुवात केली. हे वाक्य लिहिताना गंमत वाटते, कारण चार वर्षं ते मोजलं जात होतं आणि एकदाही शिकवलं गेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षाला तीन आठवड्यांचं छोटं काम, तिसऱ्याला एका सत्राचं, चौथ्याला प्रोजेक्ट. बैठक कशी घ्यायची, ठरलेली गोष्ट कशी लिहायची, दुसऱ्याचं गणित तपासताना त्याला न दुखावता चूक कशी दाखवायची. दर वेळी वजन लावणारा एक आणि बघणारा दुसरा.

सहाध्यायी मूल्यमापन पहिल्या फेरीत साफ फसलं. प्रत्येकाने प्रत्येकाला चारपैकी चार दिले. दोन गटांनी तर एकाच हस्ताक्षरात चारही फॉर्म भरून आणले. मग शंभर गुण चौघांत वाटा असं केलं. त्याने आणखी बिघडलं, कारण एकाला जास्त द्यायचे तर दुसऱ्याचे काढावे लागतात, आणि परीक्षेच्या तोंडावर मैत्री मोडायला कुणी तयार नव्हतं. तिसऱ्या वेळी आकडे काढूनच टाकले. दोन प्रश्न ठेवले : गेल्या दोन आठवड्यांत या सोबत्याने केलेल्या कोणत्या कामामुळे तुझं काम पुढे सरकलं? कोणत्या गोष्टीसाठी तुला त्याची वाट पाहावी लागली? सत्राच्या मधल्या फेरीला गुण नाहीत, गाइड ते वाचून त्या त्या मुलाला एकट्याला सांगणार. यातून कामाचं काही मिळू लागलं. एकीने लिहिलं होतं : 'तो ड्रॉइंग वेळेवर देतो, पण बदल केल्याचं सांगत नाही. दोनदा जुन्या मापाने भोक पाडलं.' या वाक्यात जेवढं मूल्यमापन आहे तेवढं कुठल्याही चार-पैकी-तीनमध्ये मावत नाही.

बैठकींच्या नोंदवहीचा अनुभव सांगितलाच पाहिजे. नोंदींना गुण लावले आणि सत्राअखेर सोळाच्या सोळा वह्या पूर्ण भरून आल्या. त्यातल्या पाचांत तीन महिन्यांच्या बैठका एकाच पेनाने, एकाच दमात, एकाही खाडाखोडीविना लिहिलेल्या होत्या.

लॉगबुकचं तर फारच विचित्र झालं. आता लॉगबुक तपासतात अशी बातमी पुढच्या तुकडीला लागली, आणि त्या वर्षी एकाही लॉगबुकात एकही खोडलेलं रीडिंग सापडलं नाही. मुलं कच्च्या कागदावर लिहून लॉगबुक 'फेअर' करत होती. मोजायला लागलं की मोजली जाणारी वस्तू अशी अंग चोरते. उपाय सुचवला तो प्रयोगशाळा सहायकांनी, कुठल्या समितीने नाही : पानांवर आधीच छापील क्रमांक असलेली वही, आणि मुलं निघताना त्या दिवसाच्या शेवटच्या ओळीखाली त्यांची सही. आता खाडाखोड परत आली आहे. मॅडम ती बघून खूश होतात, हे बाहेरच्या माणसाला समजावणं कठीण.

तासांच्या प्रश्नावरचा तोडगा राहिला. यात दोन कामांची गल्लत होत होती. विद्यार्थ्याला गुण द्यायचे तर ६४ ही जणांना तपासावं लागतं. विभागाचं शिकवणं जागेवर आहे का हे पाहायचं तर नीट निवडलेला नमुना पुरतो. एबीईटीच्या निकषांतही योग्य नमुनानिवड चालते असं म्हटलेलं आहे. म्हणून एकेकट्याचा व्हायव्हा सगळ्यांचा ठेवला, पण तो प्रोजेक्टच्या नेहमीच्या व्हायव्हाच्या जागी, वेगळा नाही. आणि लॉगबुक विरुद्ध अहवाल अशी ताडून पाहणी सोळांतल्या चारच गटांची, गट ऐन वेळी चिठ्ठी टाकून ठरवायचे. चिठ्ठीमुळे बाकीचे बाराही सावध राहिले.

१.१

पहिल्या वर्षाअखेर संघकार्याची नवी मोजणी झाली. व्हायव्हा, सोबत्यांची निरीक्षणं आणि गाइडच्या नोंदी मिळून ६४ पैकी ३५ जण रुब्रिकच्या तिसऱ्या पायरीवर किंवा वर होते, म्हणजे सुमारे ५५ टक्के. जुन्या नियमाने पन्नास ओलांडले, साठ नाहीत, म्हणून प्रत्यक्ष अटेनमेंट १. मुलांचा स्वतःचा आकडा पुन्हा १.५. एकाचे ८० टक्के ०.८, दीडचे २० टक्के ०.३. एकूण १.१.

समिती यायला दीड महिना होता. बैठकीत वेळापत्रकवाले सर स्पष्ट बोलले. "मागची चार वर्षं २.७ दाखवलं. आता १.१ दाखवलं तर ते विचारणार, तुम्ही शिकवायचं थांबवलंत का? आणि थांबवलं नसेल तर आधीचं खोटं होतं का? दोन्ही उत्तरं आपल्या अंगावर येतात." त्यांनी सुचवलं की या वर्षापुरती जुनी पद्धत वापरू, नवी पद्धत पुढच्या चक्रात आणू. खोलीतल्या निम्म्या माना हलल्या. मला विचाराल तर हा सल्ला भित्रेपणाचा नव्हता. ज्याने फाइली बांधल्यात त्याला माहीत असतं की समितीपुढे पद्धत समजावायला वीस मिनिटं मिळतात आणि आकडा वाचायला दोन सेकंद लागतात.

विभागप्रमुखांनी दोन्ही आकडे एकाच तक्त्यात घातले, मध्ये जाड रेघ ओढून. रेघेवर लिहिलं : 'येथून मोजण्याची पद्धत बदलली, अलीकडचे व पलीकडचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत.' खाली जुन्या पद्धतीत काय मोजलं जात नव्हतं त्याच्या चार ओळी, आणि जर्नलच्या जुन्या-नव्या कोष्टकांच्या प्रती. समितीने त्या तक्त्यावर फार वेळ घालवला नाही. उपकरणांच्या रजिस्टरवर आणि शिक्षकसंख्येवर जास्त घालवला. रेघेबद्दल एकच प्रश्न आला : नवं कोष्टक कोणत्या तारखेपासून लागू आहे?

नीतिमत्तेचा आकडा अजून ठरलेला नाही. नोंदींच्या ओळीवरून काढला तर कमी येतो, पेपरवरून काढला तर ३. दोन्हींची सरासरी काढणं म्हणजे नदीची सरासरी खोली सांगणं. सध्या रकान्यात नोंदींचा आकडा आहे, आणि नीतीच्या पेपरमध्ये बावीस नंबरचं पान प्रश्न म्हणून येतं, नावं काढून.

कमी बोलणाऱ्या त्या मुलाला संघकार्यात किती द्यायचे यावर आठ जणांचं एकमत आजही नाही. पाच जणांनी दोन दिले : माहिती होती, बोलला नाही. तिघांनी तीन : विचारल्यावर लपवलं नाही, ब्रॅकेट स्वतः खाली काढला, ओरखडा दाखवला. शीटमध्ये दोन आहे. विभागप्रमुखांच्या छापील प्रतीवर त्या दोनच्या शेजारी पेन्सिलने एक ओळ आहे : 'तो वजन लावत होता तेव्हा बाकीचे तिघे कुठे होते?'